सहा महिने उकरायचं नाही

आपण केलेला माल लवकरात लवकर कुजून जावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला कारखानदार मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या पिशव्या काढणाऱ्या मशीनवर त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, निदान गुडघे तरी दुखवून घेतात. यांनी बोईसरला एक गाळा भाड्याने घेतला, जुनी मशीन आणून बसवली आणि ज्या कंदाच्या पिठाचा साबुदाणा होतो त्याच पिठाची पिशवी काढायचा ध्यास घेतला. ती साध्या मातीत पुरली की सहा महिन्यांत नाहीशी झाली पाहिजे, एवढीच त्यांची अट. तशा पिशव्या बाजारात आलेल्या आहेत, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "साडूभाऊ, त्यांना कुजायला भट्टीसारखी ऊब लागते. आपला कचरा भट्टीत जातो की खाडीत?" असं विचारून त्यांनी पुढे माझा चहा निवेपर्यंत मला बोलू दिलं नाही. प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहणं ही त्यांची जुनी सवय.

दुसरी सवय याहून वाईट. हातात आलेली कुठलीही वस्तू काडी लावून जाळायची आणि तिचा वास घ्यायचा. वासावरून प्लॅस्टिकची जात कळते, हे मशीनवर काम करणाऱ्याला ठाऊक असतं. पण ते ज्ञान पाजळायची जागा असते. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात आचाऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं की प्लेटा उसाच्या चिपाडाच्या आहेत. थोड्या वेळाने जळका वास आला म्हणून सगळे विजेच्या तारा पाहू लागले, तर आमचे साडू टेबलाखाली प्लेटेची कड पेटवून नाक लावून बसलेले. "मेणबत्तीचा वास येतोय. वरून चिपाड, आतून अस्तर प्लॅस्टिकचं," त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्या मुलाच्या वडिलांना सांगितलं. त्या सद्‌गृहस्थांचा गुलाबजाम तोंडापाशीच थांबला. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. काडी मी ओढली नव्हती, पण साडू माझा होता.

त्यांच्या घरी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या घरी, याहून वेगळी तऱ्हा नव्हती. ताई एकदा डोळ्यांत पाणी आणून सांगत होत्या, "एकादशीसाठी साबुदाणा भिजत घातला. सकाळी उठून बघते तर त्याची ताडपत्री करून दोरीवर वाळत टाकलेली. आता ही मी उपासाला खाऊ, की पांघरू?" साडू आतून म्हणाले, "हिला विचारा, किती मऊ झालीय." ताईंनी ती आधीच चाचपून पाहिली होती, हे त्यांनी लगेच विषय बदलला त्यावरून मला कळलं.

धंदा करायला लागणारा एकही गुण त्यांच्यात नव्हता. पालघरचा एक किराणा दुकानदार मी मोठ्या खटपटीने त्यांच्या गाळ्यावर नेला. त्याने पिशवी ताणून पाहिली, हलवून पाहिली आणि विचारलं, "टिकेल किती?" "टिकणार नाही," साडू छाती पुढे काढून म्हणाले. दुकानदाराने पिशवीची घडी करून ती माझ्याच हातात दिली. मशीनवर काम करणारा त्यांचा उत्तर प्रदेशातला कारागीर तर रोज म्हणायचा, "साहब, टिकता है, तभी तो प्लास्टिक है." साडू त्याला रोज नव्याने समजावत आणि तो रोज नव्याने मान हलवी.

खरं गिऱ्हाईक त्यांना एकच मिळालं होतं. किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या एक मावशी बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसत. पहिल्या पिशव्या त्यांनी भिडेखातर वापरल्या. ओले बोंबील घातले की पिशवीचा चिकट गोळा होई. "दादा, आमची मासळी ताजी हाय, तुमची पिशवीच शिळी निघाली," मावशींनी भर बाजारात सांगितलं, आणि आजूबाजूच्या बायका हसता हसता मासळीच्या पाट्यांवर वाकल्या. साडूंना राग आला नाही. ते वहीत लिहून घेत होते. वर्षभर खपून त्यांनी दिवसभर दम धरणारी पिशवी काढली. मावशींनी ती ताणली, पाण्यात बुचकळली आणि म्हणाल्या, "आता घरापर्यंत जाईल. पन मागून जाते का खरंच? आमच्या जाळ्यात मासळी कमी, पिशव्याच जास्त येतात. ही मातीत जिरते ते दाखवा. मंग आमच्या साऱ्या बायांना मी सांगते, हीच घ्या."

त्या दिवसापासून त्या माणसाने आम्हां सगळ्यांचं जगणं कठीण केलं. नातेवाइकांच्या अंगणांत खड्डे खणून पिशव्या पुरल्या, वर पाट्या ठोकल्या. आणि एकही पिशवी नीट कुजू दिली नाही, कारण दर आठवड्याला खुरपं घेऊन ते स्वतःच ती उकरत. पिशवी फाटलेली निघाली की डोक्याला हात लावून बसत, "ही मातीने खाल्ली की माझ्या खुरप्याने?" असे पाच प्रयोग त्यांनी स्वतःच्या हाताने घालवले.

सहावी पिशवी होळीनंतर माझ्या पालघरच्या घराच्या परसात आली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस. वेळेआधी पुस्तक मागणाऱ्याला नाही म्हणायची मला सवय, म्हणून ही निवड. मावशींनी बारीक जवळा धरायच्या नायलॉनच्या जाळ्याचा एक तुकडा दिला होता, अगदी बारीक वीण. पिशवी त्यात बांधून पुरायची, म्हणजे काही उरलं तर कणही हरवणार नाही. साडूंनी कागदावर लिहून दिलं: 'सहा महिने उकरायचं नाही. मी स्वतः आलो, हट्ट केला, रडलो, तरी मला उकरू देऊ नये.' खाली सही. माझीही सही घेतली.

आणि मग ते येऊ लागले. पालघरला काम निघालं म्हणून, ताईंनी लोणचं दिलं म्हणून. एकदा तर आमच्या कढीपत्त्याची तब्येत विचारायला आले. मी दर वेळी त्यांच्या आणि परसाच्या मध्ये खुर्ची टाकून बसायचो. दुपारचं वाचन, झोप, सगळ्याचा बट्ट्याबोळ झाला.

श्रावणात असेच भर पावसात आले. छत्री दाराशी ठेवून मागच्या पायरीवर बसले. "पाणी तुंबलं असेल. नुसतं बघतो." नाही म्हटलं. "कोपरा. बोटभर. तुम्हीच उकरा, मी डोळे मिटून घेतो आणि तुम्ही सांगा." मी आत जाऊन तो कागद आणला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून स्वतःचीच सही नीट वाचली. "फार कडक माणूस दिसतो हा," म्हणाले, आणि निमूट चहा प्यायले. जाताना फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, "तिथे वास कसला येतो?"

"मातीचा," मी म्हणालो.

"नुसता मातीचा?"

"नुसता मातीचा."

ते मान डोलवत गेले. आठ दिवसांनी गाळ्यातच, मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या ते गेले. कारागीर मशीन बंद करून सांगायला आला.

दिवसकार्य उरकलं. तारीख यायला अजून थोडे दिवस होते. बोटभर कोपरा दाखवला असता तर काय बिघडलं असतं, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं ते सांगत नाही. माझा त्यांच्यावर रागही होता. असला कागद लिहून द्यावाच कशाला माणसाने? आणि दिला तर सहा महिने थांबावं तरी. त्या काळात मला कितीदा तरी खुरपं घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. ते कागदाला मान देऊन की पिशवी अर्धीच कुजलेली निघेल या भीतीने, हे माझं मलाच ठाऊक नाही.

भाद्रपदात ठरल्या दिवशी ताई आल्या. साडूंची वही आणि एक चाळण त्यांनी कापडी पिशवीतून काढली. मी हळूहळू माती बाजूला केली. जाळं लागलं. गाठ तशीच होती, वीण तशीच. उघडलं तर आत मूठभर काळी माती. ती चाळली. दोन मुळं निघाली, एक खडा निघाला. पुन्हा चाळली.

"सापडलं का काही?" ताईंनी पायरीवरून विचारलं.

"नाही. काहीच नाही उरलं."

त्यांनी वही मांडीवर उघडून तारीख लिहिली. मग म्हणाल्या, "मावशींना कळवायला हवं, भाऊजी. उद्याच जाऊ." आणि पदराने चष्मा पुसू लागल्या.

जे व्हावं म्हणून साडूंनी आम्हांला एवढं छळलं, ते अगदी त्यांच्या मनासारखं झालं होतं. मी हो म्हणालो. जाळं झटकून बाजूला ठेवलं. खड्डा बुजवायला घेतला, पण माती लोटण्याआधी बाही वर करून हात पार तळापर्यंत घातला, आणि एखादा तुकडा, नखाएवढा का होईना, राहिला असेल म्हणून चाचपत राहिलो.