आईच्या टाचा

धाकट्या भावाच्या लग्नाला तीन दिवस होते. विहीण, म्हणजे नवरीची आई, भर मांडवात आईचे पाय धुणार होती. आणि आईच्या टाचांवर जन्मभराच्या धानाच्या चिखलानं पाडलेल्या भेगा, अंगठ्यांची नखं पिवळी. मी घुग्घुसला शाळेत शिकवते. येताना खरवडणी, कानस, लाल नेलपॉलिश, सगळं घेऊनच आले होते. मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. त्यात काय एवढं, म्हटलं.

कशाचं काय! गरम पाण्यात शॅम्पू टाकून आईचे पाय भिजवले आणि पत्र्याच्या खरवडणीनं अशी काही घासत सुटले की उजव्या टाचेची भेग उघडून रक्त आलं. अंगठ्याचं नख कोपऱ्यात खोल कापलं गेलं. वरून पॉलिश लावलं, तर ते वाळायच्या आत आई वाळवणातली बकरी हाकलायला उठून गेली. परत आली तेव्हा बोटं कुंकवाच्या डबीत बुडवल्यासारखी दिसत होती.

दुपारी मी वडशाला बांगड्या आणायला गेले. तेवढ्यात तिनं मागच्या अंगणात बसून नेहमीचा उपाय केला. बिब्बा गरम करून त्याचं तेल भेगांत भरलं. रक्त थांबलं, पण बिब्ब्याचा डाग काही धुऊन जात नाही. वर लाल, खाली काळ्या रेघा. मी डोक्याला हात लावला. आई शांतपणे म्हणाली, "पाय धुवाले काकूले बसव. मी नाई बसत."

आता माझं डोकं सणकलं. मुलगा तिचा, आणि मान काकूला? पाय मी बिघडवले होते, मीच नीट करणार होते.

रिमूव्हर घरात नव्हतं आणि वडशाला पुन्हा जायला वेळही नव्हता. मग एकेका नखावर ताजं पॉलिश लावायचं आणि ओलं असतानाच कापसानं पुसून घ्यायचं, म्हणजे खालचं वाळलेलंही त्याबरोबर निघतं. कडांचं आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून काढलं. दहा बोटांना दीड तास गेला. टाचांसाठी टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, मेण घालून चुलीवर पातळ केलं. ते कोमट करून लावलं आणि भावाचे नवे कोरे मोजे तिच्या पायांत चढवले. तो कुरकुरला, त्याला गप्प केलं.

सगळ्यात कठीण काम तिला एका जागी बसवायचं. लग्नघरात आई बसलेली कोणी पाहिली आहे? दर घटकेला उठायची. शेवटी तांदूळ मी निवडले, पाहुण्यांचा चहा मी केला, आणि दोन दिवस तिच्यावर वसवस करत राहिले. दुसऱ्या दिवशी मोजे काढून तेल चोळताना सहज विचारलं, इतकी वर्षं अनवाणी फिरलीस, कोणाला लाजली नाहीस, मग आताच काऊन?

ती म्हणाली, "माह्या पायात काई वाईट हाये, हे मले ठाऊकच नव्हतं. तू आली न् पाह्यलं, तवा समजलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेल मात्र चोळत राहिले, कारण तिला पाटावर बसवल्याशिवाय मी हटणार नव्हते.

लग्नाच्या दिवशी आई बसली. भेगा मऊ पडल्या होत्या, काळ्या रेघा पुसट झाल्या होत्या, नखं साधीच ठेवली होती. विहिणीनं परात ओढली, आईचा पाय हातात घेतला आणि पाणी ओतता ओतता आमच्याकडे यंदा धान कसं झालं ते विचारलं. आई सांगत होती, शेताच्या बांधीत पाणी किती होतं इथपासून. बाया नवरीच्या शालूकडे बघत होत्या. मी मात्र वाकून उजव्या टाचेवरची ती रेघ बघत होते, दिसते की नाही म्हणून.

बोलता बोलता आईची नजर माझ्याकडे गेली. बोलणं थांबलं आणि तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

मी वळले. मांडवाच्या दाराकडे तोंड करून पाठमोरी उभी राहिले. जरा वेळानं परातीत पाणी पडायला लागलं आणि आई पुन्हा धानाचं सांगू लागली. ती पाटावरून उठेपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही.