बोरीभोवती बांधलेली खोली

तोंग शीलिन दिवसभर दुकानात लोणच्याचे मुळे तोलायचा आणि घरी आला की सरदार व्हायचा. बीजिंगच्या त्या गल्लीतलं आमचं चौकाचं घर कधीकाळी त्याच्या आजोबांचं होतं. आता चौकाभोवती सात बिऱ्हाडं होती, आणि बाकीच्या सहांना तो ही गोष्ट आलटूनपालटून ऐकवायचा. उत्तरेकडची, भरपूर उन्हाची खोली त्याची; आम्ही पश्चिमेला. "तुमच्या खोलीत आमच्याकडे धाकट्या पातीची माणसं राहायची हं," असं तो माझ्या आईला सांगायचा, तिच्याच शेगडीवर हात शेकत.

नव्या इमारतींत जाणाऱ्यांची त्याला कीव यायची. "खुराडी नुसती! पायाखाली माती नाही, डोक्यावर आभाळ नाही."

त्र्याऐंशी साली त्याच्या मुलाचं, युशेंगचं, सूतगिरणीतल्या चियाओयुनशी जमलं. मुलीच्या आईची अट एकच होती: जोडप्याला वेगळी खोली हवी. तोंगची बायको वारलेली; खोली एकच, त्यात बाप आणि मुलगा. मग त्याने अंगणावर डोळा ठेवला. अंगणात मधोमध बोरीचं झाड होतं. झाडाला हात लावायचा नाही, असं गल्लीच्या समितीच्या बाईंनी बजावलं. तोंगने हात लावलाच नाही. त्याने झाडाभोवती भिंती उभ्या केल्या. खोड पलंगाशेजारी जमिनीतून वर यायचं आणि छपरातून बाहेर पडायचं. भोवतीची फट त्याने सिमेंटने लिंपली.

"तोंगदादा, सून काय फांदीवर झोपणार?" आईने विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं हाओवहिनी. खानदानी घरात झाड म्हणजे शोभा."

"शोभा अंगणात असते. पलंगाला खेटून नसते."

युशेंग मऊ बोलणारा मुलगा. तो म्हणाला, "बाबा, वाऱ्याने झाड हलतं. सिमेंट फुटेल."

"हलेल कसं? आजोबांनी लावलंय ते!"

बोरीवर उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरात, हिरवे, काटेरी सुरवंट येतात. नुसता स्पर्श झाला तरी दोन दिवस निखारा ठेवल्यासारखी आग होते. त्या दिवसांत डोकं न झाकता झाडाखाली कोणी जायचं नाही, हे चौकातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. आम्हा मुलींवर सगळ्यांत मोठ्याने ओरडायचाही तोंगच. पण स्वतः छप्पर घातल्यावर त्याला वाटलं असावं, सुरवंटही आता विचारून आत येतील.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मुलीची आई खोली बघायला आली. लाल रजया घातलेल्या, मोगऱ्याचा चहा, बशीत कलिंगडाच्या बिया. आदल्या दिवशी वारा सुटला होता आणि खोडाभोवतीचं सिमेंट तडकलं होतं. तोंगने पाहुणीला नेमकं त्याच्याखाली, मानाच्या जागी बसवलं आणि आजोबांपासून सुरुवात केली. तो पणजोबांपर्यंत मागे गेला, तेवढ्यात ती किंचाळली. हात मानेवर. दुसरा सुरवंट तिच्या चहात पडला.

"काही नाही, काही नाही," तोंग म्हणाला, "हे आमचे घरचेच."

माझी आई शेवयांसाठी मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन धावली आणि तो मानेवर दाबून काटे उपटू लागली. दारात आम्ही सगळी बिऱ्हाडं उभी. हसू आवरणं कठीण होतं, आणि आम्ही ते फारसं आवरलंही नाही.

ती बाई मात्र कणीक मानेवर धरून शांतपणे म्हणाली, "मुलगा चांगला आहे. खोली तुम्ही ठेवा, मुलगा आम्हाला द्या. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. चौथ्या मजल्यावर."

"घरजावई?" तोंगचा आवाज चिरकला. "तोंगांचा मुलगा?" त्याने युशेंगकडे पाहिलं, तो नाही म्हणेल याची त्याला खात्रीच होती.

युशेंग कागदाच्या तुकड्याने रजईवरचा सुरवंट उचलत होता. तो बाहेर टाकून आला आणि म्हणाला, "बाबा, चौथा मजला चालेल मला."

लग्न झालं. युशेंग सायकलला ट्रंक बांधून गेला. तोंग दिवसभर दरवाज्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "सुनेला गिरणी जवळ पडते. मीच म्हटलं, जा." कोळसेवाल्यालाही सांगितलं. त्याने काही विचारलं नव्हतं.

आठवड्याने आई म्हणाली, "तोंगदादा, आता ती खोली पाडा. आमचं सकाळचं ऊन अडतंय."

"आणि पोरगा परत आला तर? राहील कुठे?"

आईने तो विषय पुन्हा काढला नाही. ती भली बाई होती. मला तेव्हाही त्याची दया आली नाही; पोरगा आला नाही, आणि त्या हिवाळ्यात आमची खिडकी दुपारपर्यंत काळोखी असायची.