पेटीच्या सायकलवरून समुद्रापर्यंत

श्रीगजाननास आणि कुलस्वामिनीस वंदन करून हे लिहावयास घेतले आहे. निमित्त कालच्या विजयादशमीचे. परदेशात, पॉइंट कुक येथील आमच्या मुलाच्या घरामागील शेडमध्ये एक तीनचाकी सायकल असते. तिला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले, तेव्हा पत्नी म्हणाली, "पूजा झाली. आता ज्यांनी ही दिली त्यांच्याविषयी चार अक्षरं लिहा. सगळं विसरायच्या आत."

महामारीच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे अडकलो होतो. परतीचे विमान रद्द झाले होते. मुलगा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामास होता. आपल्यामुळे आईवडिलांस बाधा होऊ नये म्हणून तो पुढल्या खोलीत वेगळा राही आणि दारातून बोले. घराबाहेर पडण्यास दिवसाचा एक तास, तोही व्यायामापुरता, आणि पाच किलोमीटरच्या आत.

कुंपणापलीकडे डेन्मार्कचे एक वृद्ध दांपत्य राहत होते. बाईंचे वय शहात्तर. यजमानांचे पाय दुबळे झालेले. उजाडताच बाई त्यांना सायकलीच्या पेटीत बसवीत. त्या सायकलीस पुढे दोन चाके, त्यांवर लाकडी पेटी, आणि मागे एक चाक. गुडघ्यांवर लोकरीची शाल टाकून त्या यजमानांना तीन किलोमीटरवरील समुद्रावर नेत, स्वतः त्या गोठवणाऱ्या पाण्यात उतरत आणि लालबुंद होऊन परत येत. माघस्नानाचे पुण्य मी ग्रंथांत वाचले होते. ते कोणाच्या गालांवर उमटलेले प्रथमच पाहिले.

त्यांचा दिनक्रम मला आपल्या आयुर्वेदातील दिनचर्येच्या अध्यायाप्रमाणे वाटे. जेवण सायंकाळी सहाला. दोघांसाठीच, तरीही स्वच्छ कापड अंथरलेले आणि मध्ये मेणबत्ती तेवत असलेली. थंडी असली तरी दुपारी अंगणात घोंगडी पांघरून बसणे. घाई म्हणून कशाची नाही. त्यांच्या आहारातील काही पदार्थांविषयी मी न लिहिणेच बरे. परंतु योगशास्त्रात ज्यास आपण नियम म्हणतो, तो संतोष त्या घरात रोजच्या भाकरीइतका साधा होता.

दुपारी चारला त्यांच्या कन्येचा फोन येई. तिकडे डेन्मार्कमध्ये तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असत. अंतर राखायचे म्हणून बाई मोबाईल काठीच्या टोकास बांधून कुंपणावरून आमच्याकडे धरीत आणि कन्या चालता चालता आपले शहर दाखवी. सायकलींचा अखंड ओघ. कचेरीचे कपडे घातलेल्या स्त्रिया, पाठीस बाक आलेले वृद्ध, पेटीत बसलेली मुले, आणि कोणी कोणावर घंटी वाजवीत नाही. एकदा दुकानाबाहेर बाबागाडीत झोपलेले तान्हे बाळ दिसले.

"अहो, त्याला कोणीतरी आत घ्या म्हणावं," पत्नी कळवळून म्हणाली.

मी ते इंग्रजीत सांगितले तेव्हा बाई हसल्या. "आत घेतलं तर जागं होईल. आम्ही सगळे असेच झोपलो. म्हणून तर एवढे टिकलो."

त्याच दिवसांत नाशिकहून निरोप आला की पत्नीचा धाकटा भाऊ या आजारात गेला. त्याला तिने आईविना वाढविले होते. तिने अन्न जवळजवळ सोडले. एकच बोलली, "दहाव्या दिवशी समुद्रावर जाऊन त्याच्या नावानं ओंजळभर पाणी सोडू द्या."

तिचे गुडघे तीनशे पावलांनी थांबत. मुलगा गाडीतून नेईना. "बाबा, मी रोज लॅबमध्ये पॉझिटिव्ह सॅम्पल्स हाताळतो. आईला माझ्याशेजारी कसं बसवू?" मला मोटार चालविता येत नाही. मी ग्रंथात पाहू लागलो की बहिणीने पाणी द्यावे का.

"तुम्ही पोथी बघा," ती म्हणाली. "मी पाणी बघते."

बाईंनी कुंपणावरून हे ऐकले. शब्द कळले नसतील, अश्रू कळले. मी इंग्रजीत अडचण सांगताच म्हणाल्या, "पेटीत बसा. मी नेते. माझा नवरा तुमच्याहून जड आहे."

पत्नीने हात जोडले. "त्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. मोठ्यांनी ओढायचं आणि मी बसायचं? ते माझ्यानं होणार नाही."

हे सांगितल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी विचारले, "तुम्ही तिच्याहून मोठे आहात. पण सायकल येते का?"

येत होती. तीस वर्षे मी सायकलीने पाठशाळेत शिकवावयास गेलो होतो. त्याच अभिमानाने चढलो आणि थेट कचऱ्याच्या पिवळ्या झाकणाच्या डब्यावर आदळलो. दुचाकी वळविताना अंग कलते. ही तीनचाकी कलत नाही, आणि कललेला मनुष्य वेगळ्याच दिशेला जातो. दोन दिवस बाई दूर उभ्या राहून शिकवीत होत्या. "ताठ बसा. तिच्याशी भांडू नका." पेटीत वजन हवे म्हणून वीस किलो तांदळाचे पोते ठेवले. टोपीवर हेल्मेट बसेना. टोपी खिशात गेली. नवव्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो तेव्हा पत्नी दारात उभी होती.

"तांदूळ सुखरूप आले," ती म्हणाली. "आता मी बसते."

दहाव्या दिवशी सकाळी ती मांडीवर तिळाची वाटी घेऊन पेटीत बसली. बाई साध्या सायकलीवर पुढे, प्रत्येक वळणावर थांबत. वारा समोरून. माझा श्वास मास्कमध्ये कोंडला, पाय भरून आले, आणि एका चढावर सायकल थांबली. पत्नी मागे न पाहता म्हणाली, "उतरू का?" मी नको म्हणालो. पुन्हा पायडल मारले.

किनाऱ्यावर ती स्वतः चालत गेली. पाणी घोट्यांना लागताच शहारली, पण मागे फिरली नाही. मला अडविणारे कोणतेही वचन आठवले नाही. भावाचे गोत्र मीच उच्चारले आणि तिने ओंजळ सोडली. दूर उभ्या असलेल्या बाईंनी काही न विचारता बूट काढले आणि त्याही त्याच पाण्यात उभ्या राहिल्या. आम्ही परतलो तेव्हा तास पुरता भरला होता.

त्या सायंकाळी सहाला पत्नीने ताटे वाढली आणि निरांजन मध्ये ठेवले. त्याच पोत्यातला भात होता. दहा दिवसांनी ती पोटभर जेवली.

पुढे ते दांपत्य कन्येकडे मायदेशी परतले आणि सायकल आमच्या शेडमध्ये ठेवून गेले.

वाचकहो, आपल्या घरीही वेळेवर पान वाढले जावो, दिवा तेवत राहो, दुःखाच्या दिवशी कुंपणापलीकडून कोणी हाक देवो, आणि आपल्या पायांत कोणाला तरी समुद्रापर्यंत नेण्याइतके बळ जगदंबा सदैव राखो.