उपचार सोडून गेलेला

श्रीरंग देवस्थळी मूळचे साताऱ्याचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात सांख्यिकी अधिकारी. ते पितात हे कितीतरी वर्षं फक्त त्यांच्या बायकोला, संपदाला, ठाऊक होतं. शेवटी तिनेच त्यांना दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या घराजवळच्या सरकारी व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. पंधरा दिवस ते तिथे राहिले. नंतर तीनदा तपासणीला गेले, चौथ्यांदा गेलेच नाहीत. पुन्हा प्यायला लागले होते. कोणत्या तोंडाने जाणार?

दर मंगळवारी दुपारी तिथल्या समुपदेशक हेमलता बिष्ट यांचा फोन यायचा. चार महिने श्रीरंगनी तो उचलला नाही. मग एकदा ऑफिसच्या जिन्यात उभं राहून उचलला.

"डाँटने के लिए नहीं किया, श्रीरंगजी. खाना खाया?"

त्यांना रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी ते केंद्रात गेले. त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून थेंब नाही.

यंदा त्यांच्या विभागाकडे अशा केंद्रांचं मूल्यमापन आलं. खाटा किती, रुग्ण किती, उपचार पूर्ण केलेले किती, एवढंच फॉर्मवर होतं. त्या आकड्यांवरून केलेल्या पहिल्या यादीत हेमलतांचं केंद्र तळाला होतं, बंद करण्याच्या शिफारशीसह. श्रीरंग थेट संचालक अलकनंदा मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, या केंद्राचं काम मला देऊ नका. मी तिथला पेशंट होतो."

मॅडमनी चष्मा काढला. "बरे झालात ना?"

"झालो. पण रजिस्टरमध्ये मी अजून 'उपचार सोडून गेलेला' आहे. परत आलो की नवा नंबर मिळतो, जुनी नोंद तशीच राहते."

मॅडमनी फॉर्म पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, "केंद्र दुसऱ्याकडे देते. पण फॉर्मवर काय विचारायचं राहिलंय, ते तुम्ही लिहा."

श्रीरंगनी तीनच प्रश्न लिहिले: सोडून गेलेल्याला कुणी फोन केला का? तो परत आला का? वर्षाने कसा आहे? मग विभागाच्या पथकाने सगळ्याच केंद्रांच्या अशा रुग्णांची घरं शोधली. हेमलतांच्या केंद्राचे चौऱ्याऐंशी सापडले. एकोणतीस परत येऊन सावरले होते, इतर कुठल्याही केंद्रापेक्षा जास्त. सात वारले होते. शिफारस बदलली, आणि केंद्राला आणखी एक समुपदेशक मिळाला.

आभार मानायला श्रीरंग केंद्रात गेले. वाक्यं मेट्रोतच जुळवून ठेवली होती. पण हेमलतांनी आधी अहवालातल्या त्या सात वारलेल्यांची नावं विचारली, आणि एकेकाबद्दल सांगत बसल्या: कोण ढोलक छान वाजवायचा, कोण मुलीला घेऊन यायचा. श्रीरंग ऐकत राहिले.

"सांगायचं होतं ते राहूनच गेलं," घरी आल्यावर ते म्हणाले.

संपदा भाजी निवडत होती. "मी दर दिवाळीला फोन करून सांगते त्यांना," ती म्हणाली. "तुझ्या वतीनेही."