बुधरीबाई उठल्या नाहीत

एटापल्लीच्या बसस्टँडसमोर माझं सायकल आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. लोक मला बाबूभाई म्हणतात आणि दोन गोष्टींसाठी ओळखतात: पंक्चर आणि नियम. पंक्चर पोटासाठी, नियम हौसेसाठी. आमचं आपत्ती साह्य मंडळ साऱ्या देशात काम करतं. पूर येवो, आग लागो, साथ पसरो, मंडळाची माणसं ताडपत्र्या, होड्या, औषधं घेऊन धावतात. त्याच्या एटापल्ली शाखेचा मी अकरा वर्षं बिनपगारी सचिव आहे. मंडळाच्या घटनेतली चौसष्टच्या चौसष्ट कलमं मला तोंडपाठ. माझी बायको नजमा म्हणते, एवढ्या पाठांतरात माणूस वकील झाला असता, निदान घरात पंखा तरी आला असता.

पण हे माझं पुराण नाही. हे आहे बुधरीबाई पुंगाटींचं, आणि त्यांनी मला भर सभेत कसं उघडं पाडलं त्याचं. राग आला होता, खोटं कशाला बोलू. आता नाही.

बुधरीबाई नाल्यापलीकडच्या वट्टेगुड्याच्या. वय विचारलं तर पन्नाशीच्या अलीकडंपलीकडं काहीतरी सांगतात आणि दर वर्षी तेच सांगतात. शाळा चौथीपर्यंत. मंडळात त्या आल्या त्या बाजाराच्या दिवशी. टोपलीभर मोहफुलं विकून झाली होती, आमच्या प्रथमोपचार वर्गात सावली होती, म्हणून मागं येऊन टेकल्या. चंद्रपूरहून आलेले गुरुजी दोन काठ्या आणि चादर घेऊन रुग्ण वाहून न्यायची झोळी कशी बांधायची ते दाखवत होते. बुधरीबाई मागून म्हणाल्या, "अशी नाई, माणूस घसरंल." आणि पुढं येऊन माहुलीच्या वेलाच्या दोरानं अशी बांधली की गुरुजींनी स्वतः त्यात आडवं होऊन बघितलं. त्या वर्षी त्यांनी आम्हाला बारा झोळ्या करून दिल्या. त्या आजही कोठारात टांगलेल्या आहेत.

कोठार म्हणजे माझ्या दुकानामागचं जुनं धानाचं गोदाम. त्यात मंडळाच्या दोन रबरी होड्या, तीनशे ताडपत्र्या, कांबळी, दोर, औषधांच्या पेट्या. आमच्याकडं पाऊस लागला की पुलांवरून पाणी जातं आणि आम्ही आठ-आठ दिवस जगापासून तुटतो. नाल्यापलीकडची गावं तर आमच्यापासूनही तुटतात. चार वर्षांमागं अशाच पाण्यात बुधरीबाईंची सून बाळंतपणात अडली. होडी हाताशी होती म्हणून पोरगी वेळेत दवाखान्यात पोचली. झालेली नात आता अंगणवाडीत जाते आणि मला होडीवालेबाबा म्हणते. ते ऐकलं की मला दिवसभर चहाची गरज लागत नाही.

आता मंडळाचा कारभार थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गावोगावचे सभासद शाखा निवडतात, शाखा जिल्ह्याची समिती निवडतात, आणि असं वर चढत चढत देशाचं एकवीस जणांचं नियामक मंडळ तयार होतं. ठरवायचं ते या एकवीस जणांनी. अध्यक्ष म्हणजे लग्नातला मामा, मान मोठा आणि सगळ्यांना सांभाळून घ्यायचं. महासचिव पगारी असतो, भटारखाना त्याच्या हातात. त्या एकवीसांत एक जागा दुर्गम शाखांची असते.

गेल्या वर्षी ती जागा आमच्या वाट्याला आली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जोडसमितीत लगेच दोन तट पडले. वरोऱ्याचे कापूसवाले प्रफुल्लभाऊ आणि मूलचे राईसमिलवाले सुनीलबाबू, दोघांच्याही गावात डांबरी रस्ता, पण दोघांनाही अचानक आपण दुर्गम असल्याचा साक्षात्कार झाला. तीन बैठका झाल्या, चहाच्या किटल्या रिकाम्या झाल्या, तोडगा निघेना. शेवटी मी बुधरीबाईंचं नाव सुचवलं. दोघंही लगेच कबूल! त्यातल्या प्रत्येकाला वाटलं की ही बाई गप्प बसेल. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. आणि खरं सांगायचं तर गप्प बसतील असं मलाही वाटलं होतं, म्हणून तर मी त्यांना पढवायला घेतलं.

आठ दुपारी त्या दुकानात आल्या. मी ट्यूब घासत घासत कलमं सांगायचो, त्या ऐकायच्या. गणपूर्तीच्या कलमाशी मात्र अडल्या.

"म्हंजे निम्मे लोकं नसले तरी सभा होते?"

"होते न."

"अन् मंग बाकीच्याइले कोन इचारते?"

मी म्हटलं, बाई, पुढं चला, अजून पन्नास कलमं राहिलीत. तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

कारण वट्टेगुड्याची रीत मला माहीत नव्हती असं नाही. तिथं सभा गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक छपरात, बसते. मतदान नाही, हात वर करणं नाही. थोरामोठ्यांच्या तोंडावर "नाही" म्हणणं तर उद्धटपणाच. ज्याला पटलं नाही तो नुसता बसून राहतो. तो बसला म्हणजे बाकीचेही बसतात, त्याला विचारतात, पुन्हा बोलतात. भूक लागली तर तिथंच भात शिजतो, संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतात. सगळे एकदम उठले की ठरलं. हे मी तीस वर्षं बघत आलो होतो आणि तरी एवढं सांगायला विसरलो की नियामक मंडळात न पटलं तर तोंडानं बोलावं लागतं.

मे महिन्यात नियामक मंडळाची सभा नागपूरला भरली. तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात होता आणि तो असतोच मुळी पंधरवड्याचा. त्यातले चार दिवस सोडून बुधरीबाई निघाल्या, कारण विषयपत्रिकेत पाचवा विषय होता: छोटी कोठारं बंद करून सगळा साठा मोठ्या शहरांत एकत्र ठेवणे. यादीत एटापल्ली अकराव्या क्रमांकावर होती. तेंदूचं मी बघतो, असं त्यांचे यजमान चैतूभाऊ म्हणाले. मला चैतूभाऊंनी एवढंच सांगितलं, "होडी नेऊ देऊ नका जी."

सभा मोठ्या हॉटेलात. थंडी एवढी की बुधरीबाईंनी पदर दोन वेळा गुंडाळला. मी त्यांचा सहायक म्हणून भिंतीपाशी खुर्चीवर. अध्यक्ष माथूरसाहेब निवृत्त न्यायाधीश, बोलणं मवाळ. महासचिव भसीनसाहेब नीटनेटके, घाईतले. पाचवा विषय आला. भसीनसाहेबांनी पडद्यावर नकाशे दाखवले. सगळं हिंदीत चाललं होतं आणि बुधरीबाईंना बाजारातली हिंदी चांगली कळते. अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत? कोणी बोललं नाही. बुधरीबाईही नाही. मी भिंतीपाशी घामाघूम झालो, त्या थंडीत! खुणा केल्या, खोकलो, शेजारच्या माणसानं मला पाणी दिलं.

"सर्वानुमते मंजूर," अध्यक्ष म्हणाले. जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे उठले.

बुधरीबाई उठल्या नाहीत.

मी धावत गेलो. "बाई, काऊन बोलल्या नाई? गेलं न कोठार!"

"कसं जाईल? सभा तं व्हाचीच हाय."

"संपली जी सभा! लोकं जेवाले गेले."

"जेवू द्या. मी बसून हावो न."

तेव्हा मला कळलं. मौन म्हणजे संमती असं जगभर धरतात. वट्टेगुड्यात मौन म्हणजे अजून पटलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःला दोन लगावल्या. बुधरीबाईंना ताटही नेऊन दिलं, त्यांनी बाजूला ठेवलं. सभेत जेवायचं तर सगळ्यांनी मिळून, असं म्हणाल्या.

लोक बडीशेप चघळत परत आले तर एकवीसांतल्या एक सभासद जागच्या जागी. माथूरसाहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? बुधरीबाईंनी त्यांच्या बाजारी हिंदीत सांगितलं की तब्येत बरी आहे, पाचवा विषय बरा नाही. आमच्याकडं एक माणूस बसलेला असला तर सभा उठत नाही. कोणीतरी हसलं. भसीनसाहेब म्हणाले, इतिवृत्तात मंजूर लिहून झालं आहे. माथूरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, सगळ्यांच्या मतानं असं लिहिलंय आणि एक सभासद नाही म्हणतेय, म्हणजे आपण खोटं लिहिलं. विषय पुन्हा उघडतो.

मग बुधरीबाईंनी एकच गोष्ट विचारली. पुलावरून पाणी चाललं असताना नागपूरची होडी एटापल्लीला येणार कशी? ट्रक पुलाशी अडला तर ती होडी अलीकडं आणायलाही आधी होडीच लागेल. सभागृह हसलं, यावेळी नीट हसलं. आणि मग गढवालच्या एक शिक्षिका म्हणाल्या, आमचाही रस्ता असाच खचतो. सुंदरबनचे एक मास्तर म्हणाले, मलाही पटलं नव्हतं, पण सगळे गप्प होते म्हणून मीही गप्प. एकेक करून किती निघाले! मघाशी ते सगळे "सर्वानुमते"त बसून होते.

हात वर झाले. ज्या गावांचा रस्ता पावसात तुटतो तिथली कोठारं राहावीत: चौदा. जाऊ द्यावीत: सात. टाळ्या. मी तर खुर्चीवरून उडालोच. सगळे उठले.

बुधरीबाई पुन्हा बसून!

"आता काय झालं बाई? जिकलो आपन!"

"सात जन राह्यले न, बाबूभाई. तेइले कोनी इचारलंच नाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिंकलेली सभा कोणी उकरतं का? पण अध्यक्ष खाली बसले, मग सगळेच बसले. बुधरीबाईंनी प्रस्ताव आणणाऱ्या भसीनसाहेबांनाच आधी विचारलं, साहेब, तुमची अडचण काय?

भसीनसाहेबांनी पडदा बंद केला. मग नकाशा न दाखवता बोलले. दोन वर्षांमागं एका छोट्या कोठारातली कांबळी त्यांनी स्वतःच्या हातानं पूरग्रस्तांना वाटली होती. उंदरांनी कुरतडलेली. एका म्हातारीनं भोकातून हात बाहेर काढून दाखवला आणि हसली. "त्या हसत होत्या," ते म्हणाले, "मला मात्र त्यांच्याकडं बघवलं नाही." छोट्या कोठारांकडं कोणी बघत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

बुधरीबाईंनी मान हलवली. "खरं हाय. आमच्या इथी बी दोन कांबळी उंदरानं खाल्ली. बाबूभाईनं कागदात लिवलं नाई."

एकवीस माना माझ्याकडं वळल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. चौसष्ट कलमं पाठ असलेला सचिव, आणि त्यातलं साठ्याच्या अहवालाचं कलम तेवढं सोयीनं विसरला होता. पण गंमत अशी की भसीनसाहेबांचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. समोरचं माणूस आपली बाजू झाकत नाही हे दिसल्यावर त्यांनाही भांडायचं कारण उरलं नसावं.

मग दोघांनी मिळूनच ठरवलं. महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या दिवशी, कोठारातलं सगळं बाहेर काढायचं आणि भर बाजारात उन्हात पसरायचं. येणारा-जाणारा बघेल, कांबळ्यात हात घालेल, भोक असलं तर बोंब मारेल. ज्या शाखेनं हे दोनदा चुकवलं तिचं कोठार बंद. सातही जण कबूल झाले. पावणेसहा वाजले होते, भसीनसाहेबांचं विमान गेलं होतं, तिघांच्या गाड्या गेल्या होत्या. बुधरीबाई उठल्या. मग सगळे उठले आणि दुपारचं उरलेलं जेवण पुन्हा गरम करून आणलं. मला त्या बाईंचा इतका अभिमान वाटला की त्यांचं ताट मीच वाढून आणलं.

परतल्यावर आमच्या शाखेची सभा झाली. चैतूभाऊंपासून सगळे आले होते. मी रजिस्टर उघडून निकाल वाचला: कोठार राहतंय. पोरीबाळींनी टाळ्या पिटल्या. मग उन्हात सामान घालायची अट वाचली, पाळ्या वाचल्या, "मंजूर न?" म्हटलं, गेली अकरा वर्षं लिहीत आलो तसं झोकात "सर्वानुमते" लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. लोक चपला शोधायला लागले.

बुधरीबाई बसून होत्या. त्यांच्या शेजारी, खांबाला टेकून, म्हातारा इतवारी बसला होता. दर सभेला येणारा, कधी तोंड न उघडणारा. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडं नीट बघितलंही नव्हतं.

मी रजिस्टर उचललं. जवळ जाऊन विचारलं, "इतवारीभाऊ, काय अडचण हाय?"

त्यानं कानामागं हात नेला. दुसऱ्यांदा ओरडून विचारलं तेव्हा म्हणाला, "मले आयकूच येत नाई जी. पाच सालं झाले. तुमी सारे उठता, मंग मी बी उठतो. आज ही बाई उठली नाई, म्हनून बसलो."

मी टोपण काढलं, "सर्वानुमते" खोडलं. स्टूल ओढून त्याच्या कानाशी बसलो आणि पहिल्या विषयापासून मोठ्यानं वाचायला लागलो. दुसऱ्याच विषयाला इतवारीनं माझा हात धरला.

"थांबा," तो म्हणाला, "हे मले नाई पटत."