भिंतभर कपाट

चिंचवडच्या इस्पितळाशेजारी आजारी मुलांच्या आईबापांसाठी फुकट राहायच्या खोल्या झाल्या, तेव्हा आतली सजावट ठरवायला मलाही बोलावलं होतं. मी हट्टाने प्रत्येक खोलीत भिंतभर कपाट करून घेतलं. हौस माझी जुनीच. नवी नवरी म्हणून आकुर्डीत आले, तेव्हा सासूबाईंचं अर्धं कपाट मी पहिल्याच दुपारी बळकावलं होतं. पाहुण्यांची पंगत अजून उठायची होती!

कोपऱ्यातल्या खोलीत परभणीकडची एक बाई लेकीला घेऊन राहिली होती. तिचं नाव काही मी विचारलं नाही. ती कपाटात एक रुमालही ठेवत नसे. सकाळी पिशवीतले कपडे काढायची, झटकायची, घड्या घालून पुन्हा पिशवीतच भरायची. पिशवी कायम दाराशी.

"अगं, कपाट कशाला दिलंय? लाव की कपडे," मी एकदा म्हणाले.

"नगं मावशी. कपाट लावलं की मुक्काम वाढतो. डॉक्टर म्हणतेत, अजून थोडं थांबा. आमाला घरी जायचंय."

"मग सुताराला सांगून काढूनच टाकते," मी फुगून म्हणाले.

"अगाई, नगं! पोरगी लपती त्यात."

आतून खुदकन हसू आलं. तेवढ्यात नर्स दारात आली. पोरीच्या इंजेक्शनची वेळ झाली होती. बाईने तिला हातानेच थांबवलं.

"कुठं गेली गं माझी बाय?" म्हणत ती कॉटखाली वाकली, पडदा हलवला, मोरीत डोकावली. कपाट सोडून सगळीकडे ती शोधत राहिली.