गुळाचा त्याग

लग्न होऊन सांगलीला आले आणि शेजारच्या जैनांच्या अक्कांना गुळाची पोळी द्यायला गेले. त्या म्हणाल्या, "मला गुळाचा त्याग हाय." आमच्या वडूजकडं असं कुणी बोलत नसे. मला वाटलं, हा एखादा आजारच! "आवं अक्का, मग मिरजेच्या डाक्टरला दाखवा की!" अक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "आगं येडे, सोडलाय मी गूळ. ल्योक तुरुंगातनं सुटंपर्यंत."

त्यांचा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीत पकडला गेला होता. आणि अक्कांना गूळ म्हणजे जीव की प्राण. गुऱ्हाळातनं नवी ढेप आली की मला हाक यायची. मी खडा तोंडात टाकायचा आणि त्यांनी माझ्या तोंडाकडं बघत बसायचं. "कसा लागतोय? नीट सांग, घाई करू नगंस." मग मीही रंगवून रंगवून सांगायची.

दोन वर्षांनी मुलगा सुटून आला. त्यानं आपल्या हातानं आईला गूळ भरवला. अक्का बराच वेळ चघळत राहिल्या, मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "तू सांगायचीस तसा न्हाई गं लागत."

मला अजूनही नव्या गुळाची चव कुणाला तरी सांगावीशी वाटते, पण आता विचारतंय कोण?